टाका: बहिणीचा लॅपटॉप मी कसा बिघडवला

गेले काही भाग आपण कोड, इंटरव्ह्यू, नोकरी असल्या विषयांवर बोललो. आज जरा वेगळा विषय आहे. आज मी सोल्डरिंगबद्दल बोलणार आहे, आणि सुरुवात एका कबुलीने करतो. मी माझ्या लहान बहिणीचा चांगला चालणारा लॅपटॉप स्वतःच्या हातांनी मारला. चांगला चालणारा म्हणजे, चार्जिंग सोडून बाकी सगळं चांगलं होतं त्याचं.

मी बीटेक आहे, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तुमच्यापैकी जे इंजिनिअर असतील त्यांना माहीत आहे की गावी गेलं की आपण कोण असतो. आपण 'कॉम्प्युटरवाले' असतो. मग प्रिंटर असो, टीव्हीचा रिमोट असो, शेजारच्या काकूंचं व्हॉट्सॲप असो, 'तो आलाय ना पुण्याहून, त्याला दाखवा'. सुरुवातीला मी समजावून सांगायचो की माझं काम वेगळं आहे. नंतर समजावणं सोडलं. आणि हळूहळू, हे जरा लाजत सांगतो, मलाही वाटायला लागलं की असेल बुवा, येत असेल आपल्याला.

तर गोष्ट आहे २०२२ च्या दिवाळीची. आमचं गाव तुमसर, भंडारा जिल्हा. धानाचा बाजार आणि राइस मिल यांच्यासाठी ओळखलं जातं. दिवाळीच्या सुमारास हलका धान निघालेला असतो, गावात सगळीकडे बारीक धूळ आणि नव्या तांदळाचा वास. बहीण घराच्या पुढच्या खोलीत लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायची. नोकरभरतीचे, स्कॉलरशिपचे, ॲडमिशनचे. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, मोबाइलचं हॉटस्पॉट. लॅपटॉप तिने स्वतःच्या कमाईतून सेकंडहँड घेतलेला. घरात कोणाकडे एक रुपया मागितला नव्हता, आणि हे ती आम्हाला अधूनमधून आठवण करून द्यायची.

त्या लॅपटॉपची चार्जिंगची पिन सैल झाली होती. तुम्हाला माहीत असेल हा प्रकार. वायर अमुक अँगलने धरली तर चार्ज होतो, सोडली की बंद. तिने चार्जरच्या वायरखाली काडेपेटी ठेवून, वर रबरबँड लावून एक जुगाड केला होता. मी घरी पोचलो तोवर काडेपेटीही चालेना. बॅटरी जुनी, पूर्ण भरली तर चाळीस मिनिटं टिकायची. आणि एका भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख तीन दिवसांवर आली होती. चौदा मुलांचे कागद तिच्याकडे स्कॅन करून पडलेले. पोरं धान कापणीत अडकलेली असतात, त्यामुळे सगळे शेवटच्या तीन दिवसांत येतात.

ती म्हणाली, "दादा, दुकानं उघडली की मी बाजारातल्या काकांकडे नेते." मी म्हणालो, "अगं दोनशे रुपयांचा जॅक असतो, मी बसवतो. कॉलेजमध्ये सोल्डरिंग केलंय मी."

कॉलेजमध्ये सोल्डरिंग केलं होतं हे खरं आहे. पहिल्या वर्षी, वर्कशॉपमध्ये, एकदा. एक एलईडी आणि एक रेझिस्टर. तोही पार्टनरने केला होता, मी वायर धरली होती.

जॅक मी येतानाच ऑनलाइन मागवून आणला होता, मॉडेल नंबर बघून. घरी कपाटात माझी कॉलेजच्या काळातली पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न सापडली, लाल मुठीची, टोक काळं पडलेलं. २५ ऑक्टोबरला बसलो. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन झालेलं आणि त्या दिवशी संध्याकाळी सूर्यग्रहण होतं, आठवत असेल तुम्हाला, मावळतीला. आजी सकाळपासून वेध पाळून बसलेली. मी लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढायला लागलो तशी म्हणाली, "गरन लागून रायला बाप्पा, अन् आता कायले खोलतेस त्याले? उद्या कर ना." मी हसलो. आजही आमच्या घरात या भानगडीचं कारण ग्रहण हेच मानलं जातं आणि मी त्याला विरोध करत नाही, कारण खरं कारण जास्त लाजिरवाणं आहे.

आता ऐकणाऱ्यांसाठी थोडं चित्र उभं करतो. लॅपटॉपचा चार्जिंग जॅक दोन प्रकारचा असतो. एक वायरीवाला, म्हणजे जॅकला छोटी केबल असते आणि ती मदरबोर्डवर क्लिपसारखी बसते. तो असेल तर सोल्डरिंगची गरजच नाही, स्क्रू काढा, केबल बदला. दुसरा प्रकार थेट बोर्डवर टाका मारून बसवलेला. आमच्याकडे हल्ली सगळे सोल्डरिंग म्हणतात, पण दुकानातला शब्द टाका. टाका मारणे, टाका सुटणे. या लॅपटॉपचा जॅक दुसऱ्या प्रकारचा होता. त्याच्या पिना बोर्डच्या भोकांतून आरपार जातात आणि मागच्या बाजूने टाका असतो.

बॅटरीचा कनेक्टर मी आधी काढला, तेवढं एक काम बरोबर केलं. बोर्ड बाहेर काढला, उलटा केला, तापलेली आयर्न पिनेला लावली. काही झालं नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, मिनिट. टाका वितळेचना.

का वितळला नाही, ते मला नंतर कळलं, आणि हे समजून घ्या कारण निम्मं सोल्डरिंग इथेच आहे. जुन्या रेडिओ-टीव्हीच्या काळात टाका म्हणजे कथील आणि शिसं यांचं मिश्रण. त्रेसष्ट भाग कथील आणि सदतीस भाग शिसं घेतलं तर ते बरोबर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, एकदम, मधला चिखलासारखा टप्पा न घेता. पण शिसं विषारी. म्हणून युरोपात १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर बंधन आलं, पुढे आपल्याकडेही ई-कचऱ्याच्या नियमांत ते आलं. त्यामुळे आता कारखान्यातून येणारा टाका बहुतेक कथलाचा असतो, त्यात थोडी चांदी, थोडं तांबं. तो वितळायला २१७ ते २२० अंश लागतात. हे झालं एक.

दुसरं म्हणजे जॅकच्या ग्राउंडच्या पिना. मदरबोर्ड ही एक पाटी दिसते, पण आत तांब्याचे अनेक थर असतात, पापुद्रे असलेल्या चिरोट्यासारखे. ग्राउंडची पिन त्यातल्या मोठमोठ्या थरांना जोडलेली असते. म्हणजे तुम्ही पिनेला उष्णता देताय आणि ती उष्णता सगळ्या बोर्डभर पळून चाललीय. मोठ्या तव्याच्या एका कडेला मेणबत्ती लावून पोळी भाजायची म्हटली तर भाजेल का? माझी पंचवीस वॅटची आयर्न ही ती मेणबत्ती होती.

मला तेव्हा हे काही माहीत नव्हतं. मला वाटलं, जोर कमी पडतोय. म्हणून मी दाबलं. आयर्न दाबून धरली, बोर्ड तिथे तपकिरी पडला, जळका वास यायला लागला. दोन पिनांचा टाका अर्धवट मऊ झाला. मग मी पक्कड घेतली, जॅक धरला आणि हलवून हलवून ओढला, दात काढतात तसा.

निघाला तो. निघताना 'चट्' असा आवाज झाला. मी लक्ष दिलं नाही. नंतर बघितलं तर जॅकच्या पिनेला एक छोटी तांब्याची कडी चिकटून आलेली, चमकदार, अंगठीसारखी सुंदर. मला वाटलं, जॅकचाच भाग असेल. तो बोर्डचा भाग होता. त्या भोकाच्या आतली तांब्याची नळी आणि वरचं पॅड, दोन्ही मी उपटून आणलं होतं. विजेला बोर्डमध्ये शिरायची तीच वाट होती.

नवीन जॅक बसवला. भरपूर सोल्डर ओतलं. करकरीत गोळे झाले पिनांवर, मला तर ते बघून अभिमानच वाटला. चार्जर लावला. चार्जरवरचा छोटा दिवा विझला. काढला की दिवा येतो, लावला की विझतो. म्हणजे कुठेतरी शॉर्ट, आणि चार्जर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतोय. बाहेर तोवर ग्रहण लागलं होतं. बहीण दाराशी उभी. तिने काही विचारलं नाही, नुसतं चार्जरच्या दिव्याकडे बघितलं आणि आत गेली.

आता सगळ्यात मोठी चूक सांगतो, आणि ती सोल्डरिंगची नाहीच. मी लॅपटॉप खोलला तेव्हा त्याच्या बॅटरीत जीव होता. थोडाच, पण होता. चौदा मुलांचे स्कॅन केलेले कागद, फोटो, सह्या पेनड्राइव्हवर घ्यायला दहा मिनिटं लागली असती. दिवसभर ऑफिसात लोकांना 'बॅकअप घेतला का' विचारणारा मी, मला ते सुचलं नाही. हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावता येते, ते मला येतं, पण त्यासाठी केबल लागते, आणि दिवाळीत रात्री नऊ वाजता तुमसरात ती केबल कुठे मिळणार?

दुसरा दिवस भाऊबीजेचा. ओवाळून झालं, मी ताटात पाकीट ठेवलं, तिने उचललं, दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो. मग ती फोन घेऊन बसली आणि एकेका मुलाला कॉल करून पुन्हा कागदांचे फोटो मागवायला लागली. फॉर्म फोनवरच भरायचे. ज्यांनी फोनवर सरकारी फॉर्म भरलाय त्यांना कळेल. फोटो इतक्या केबीच्या आत, सही इतक्या केबीच्या आत, साइट अर्ध्यात लॉग आऊट करते, ओटीपी येतो तेव्हा पान उडतं. मी माझ्या फोनवर बसलो, ती तिच्या. शेवटच्या रात्री सिहोऱ्याचा एक मुलगा मोटारसायकलवर मूळ कागद घेऊन आला, कारण त्याच्या दाखल्याचा फोटो धूसर येत होता. साडेदहाला आला. त्याचा फॉर्म भरला, पेमेंट अडकलं, परत केलं, परत अडकलं. बारा वाजले. साइट बंद.

तेरा फॉर्म गेले, एक राहिला. बहिणीने त्याचे पैसे परत दिले. तो घेत नव्हता, म्हणाला, "राहू द्या ताई, तुमची काय चूक." मी तिथेच बसलो होतो.

लॅपटॉप आधी काकांकडे का नेला नाही? कारण दुकान बंद होतं. भाऊबीजेनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई सुरू होते. दंडार, नाटकं, आणि त्यासाठी लाऊडस्पीकर. काकांचं मूळ काम टीव्ही आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं, मोबाइल आणि लॅपटॉप नंतर आले. त्यामुळे त्या दिवसांत ते एकतर साउंडवाल्यांच्या मागे असतात किंवा साउंडवाले त्यांच्या मागे. फॉर्मची तारीख गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ते भेटले. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे उघडे ॲम्प्लिफायर. त्यांनी बोर्ड हातात घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"कोन खोलला हा?"

"मी, काका."

"काय शिकलास तू?"

मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "हा टाका होय? हा तं चिखल होय." आणि जुना जॅक मागितला. मी खिशातून काढून दिला. त्यांनी भिंग लावून त्याच्या पिना बघितल्या, मीटरने तपासल्या, आणि जॅक माझ्या हातात परत ठेवत म्हणाले, "याले काईच नोहोतं झालं."

जॅक चांगला होता. बिघडला होता फक्त टाका. त्यांनी मला समजावलं ते असं. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत जड पार्ट असायचे, त्यांच्या पिनेभोवती टाक्याला गोल भेग पडायची, बारीक केसासारखी. टीव्हीला थापड मारली की चालू व्हायचा, तो याच कारणाने. थापडेने भेगेची दोन्ही तोंडं पुन्हा टेकायची. चार्जिंगच्या जॅकचं तेच. रोज वायर खुपसायची, ओढायची, लॅपटॉप मांडीवर घेतला की वायरवर ताण, आणि हे सगळं पिनेच्या टाक्यावर येतं. एक दिवस गोल भेग. अँगलने धरलं की चालतो. म्हणजे बहिणीची काडेपेटी ही त्या थापडेचीच चुलत बहीण. आणि उपाय? जुन्या टाक्यावर थोडा फ्लक्स, थोडं नवीन सोल्डर, चांगली तापलेली आयर्न. पाच मिनिटं. जॅक काढायची गरजच नव्हती.

मी तिथे स्टुलावर बसून राहिलो. काकांनी हाकललं नाही, मग मी दुपारभर बसलो. आणि खरं सांगू, चार वर्षांच्या कॉलेजात एखाद्या प्रॅक्टिकलला मी इतकं मन लावून बसलो नसेन.

त्यांनी सर्वात आधी काय केलं? आयर्न हातात घेतली नाही. मीटर घेतला. जॅकच्या प्लस आणि ग्राउंडवर दोन टोकं ठेवली. मीटर ओरडला, 'पीं'. शॉर्ट. मग त्यांनी माझे टाके साफ केले, जॅक काढला, आणि पुन्हा मीटर लावला. अजून 'पीं'. म्हणजे शॉर्ट माझ्या सोल्डरच्या गोळ्यामुळे नव्हताच, बोर्डवर दुसरीकडे कुठेतरी होता. मी घरी बसून त्या गोळ्यांवरच तासभर घासत होतो.

मग त्यांनी एक गंमत केली. पॉवर सप्लायवर व्होल्टेज फक्त एक व्होल्ट ठेवलं. हा लॅपटॉप १९ व्होल्टवर चालतो, तर एक व्होल्टने कुठली चिप मरायची भीती नाही. पण शॉर्ट असला की त्या एका व्होल्टमध्येही भरपूर करंट वाहतो आणि जिथे शॉर्ट आहे ती जागा गरम होते. ती जागा शोधायला मोठ्या वर्कशॉपमध्ये थर्मल कॅमेरा असतो. काकांकडे स्पिरिटची बाटली. बोर्डवर ब्रशने स्पिरिट फासलं, सप्लाय चालू केला. सगळा बोर्ड ओला, आणि एका जागी, जॅकपासून बोटभर अंतरावर, तांदळाच्या कणीएवढ्या पार्टवरचं स्पिरिट बघता बघता वाळलं. "हा पाहा चोर," काका म्हणाले.

तो सिरॅमिक कपॅसिटर. हे कपॅसिटर चिनीमातीसारखे असतात, कडक आणि ठिसूळ, आत धातूचे अनेक पातळ थर. बोर्ड वाकला की यांना तडा जातो आणि आतले थर एकमेकांना टेकतात, झाला शॉर्ट. आणि बोर्ड कोणी वाकवला? पक्कड घेऊन दात काढल्यासारखा जॅक ओढणाऱ्याने. तो 'चट्' आवाज कडीचा होता की कपॅसिटरचा, मला आजही माहीत नाही. काकांनी तो कपॅसिटर काढला. मीटर गप्प. एका भंगार बोर्डवरून तसाच दुसरा काढून तिथे बसवला.

राहिली उपटलेली वाट. त्यासाठी जॅकच्या प्लसच्या पिनेपासून पुढच्या पार्टपर्यंत वरून एक वायर टाकायची, जंपर. यूट्यूबवर जंपर म्हणजे केसासारखी बारीक तार दाखवतात. ती सिग्नलसाठी. इथे ६५ वॅटचा चार्जर, १९ व्होल्ट, म्हणजे जवळपास साडेतीन अँपिअर करंट. केसासारखी तार तापून इन्सुलेशन वितळेल. काकांनी जाड वायर घेतली, ती बोर्डला चिकटपट्टीने बांधली, म्हणजे हलणार नाही.

टाका मारताना त्यांची पद्धत मी डोळे फाडून बघितली. टोक सुईसारखं नाही, पेचकसासारखं चपटं, म्हणजे पिनेला जास्त जागा टेकते. आधी हॉट एअरने तो सगळा भाग हलका गरम. मग फ्लक्स. मग आयर्न पिनेला आणि पॅडला एकाच वेळी, आणि सोल्डरची तार आयर्नला नाही, पिनेला लावायची. पिन इतकी गरम हवी की तिने स्वतः सोल्डर ओढून घ्यावं. आणि खरंच ओढतं हो ते. पाणी कापडात शिरतं तसं भोकात शिरतं आणि वर एक चमकदार उतार तयार होतो, छोट्या डोंगरासारखा. माझे होते ते गोळे. गोळा म्हणजे सोल्डर पिनेवर बसलंय, तिला धरलेलं नाही. दुकानात त्याला ड्राय सोल्डर म्हणतात.

फ्लक्स काय करतो, हे मला काकांपेक्षा आजीकडून जास्त कळलं. रात्री घरी मी हे सगळं सांगत होतो तर ती म्हणाली, हे तर कल्हईसारखंच झालं. बरोबर आहे. आमचा भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला. तिच्या तरुणपणी दारावर कल्हईवाला यायचा. भांडं घासायचं, भात्याच्या निखाऱ्यावर तापवायचं, मग नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर निघायचा, आणि मग कथलाची कांडी टेकवून कापसाने फिरवलं की क्षणात भांडं आतून चांदीसारखं. नवसागर नाही टाकला तर? आजी म्हणाली, "कथील पळते." तेच तर. तापलेल्या धातूवर हवेमुळे गंजाचा पातळ थर येतो आणि कथील त्या थराला धरत नाही. नवसागर तो थर खातो. आपल्या सोल्डरच्या तारेत नवसागराऐवजी राळ असते, पाइनच्या झाडाची, पोकळ तारेच्या आत भरलेली. माझी आयर्न एक मिनिट दाबून धरल्यावर ती राळ जळून गेली होती, पुढे मी नुसतं कथील पळवत होतो. पण नवसागर किंवा ॲसिडवाली पेस्ट बोर्डवर लावू नका, ती नंतर तांबं खात बसते. बोर्डला राळेचाच फ्लक्स.

धुराचंही सांगतो, कारण बरेच जण विचारतात शिशाचा धूर नाकात जातो का. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही म्हणता येईल. धूर दिसतो तो राळेचा. पण तो निरुपद्रवी नाही, रोज ओढला तर दम्यासारखा त्रास होतो. छोटा पंखा बाजूला लावा, खिडकी उघडा. आणि शिशाची तार हाताळली की साबणाने हात धुवा, चिवडा नंतर.

अजून एक, लॅपटॉपच्या बॅटरीवर कधीच टाका मारायला जाऊ नका. आमच्या तालुक्यात डोंगरी बुजुर्गची खाण आहे, तिथलं मँगनीज डायऑक्साइडचं खनिज टॉर्चच्या साध्या ड्राय सेलसाठी जातं. लहानपणी आम्ही ते सेल दगडाने फोडून आतली काळी पूड बघायचो. तो खेळ लिथियमच्या सेलबरोबर केला तर घर पेटेल. तिथे हौस नको.

आणि ते ओव्हनचं. यूट्यूबवर अजून दिसतं, मदरबोर्ड ओव्हनमध्ये भाजा, चालू होतो. होतो कधीकधी, आणि त्याची एक खरी गोष्ट आहे. २००८ च्या आसपास एनव्हिडियाच्या काही लॅपटॉप ग्राफिक्स चिप मोठ्या प्रमाणात मरायला लागल्या. त्या वर्षी जुलैमध्ये कंपनीने त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागतील असं जाहीर केलं. लोक बोर्ड भाजायचे, पडदा यायचा, टाळ्या. काही दिवसांनी पुन्हा काळा. कारण दोष चिप आणि बोर्डमधल्या टाक्यात नव्हता, चिपच्या पोटातल्या अतिसूक्ष्म टाक्यांत होता. उष्णतेने ते तात्पुरते टेकायचे. पुन्हा तीच टीव्हीची थापड, फक्त दोनशे अंशांची.

काकांनी सहाशे रुपये घेतले. मी जास्त देत होतो, घेतले नाहीत. मी विचारलं, बोर्डचा नकाशा म्हणजे स्कीमॅटिक तुम्हाला मिळतो का? ते हसले. कंपनी देते कुठे. कोणाकोणाकडून पेनड्राइव्हवर मिळालेल्या फाइल आहेत, नाहीतर मीटर धरून एकेक वाट शोधायची. त्याच वर्षी २४ डिसेंबरला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि पार्टची माहिती तिथे द्यावी म्हणून. मी काकांना फोनवर दाखवलं. त्यांनी स्क्रोल केलं, फोन परत दिला आणि म्हणाले, "याच्यात बोर्डाचा नकाशा कुठं हाय?" मी अजून शोधतोय.

निघताना त्यांनी मला एका पिशवीत चार मेलेले सेट-टॉप बॉक्सचे बोर्ड दिले. म्हणाले, यातले सगळे पार्ट काढ, पॅड न उचकटता, आणि परत लाव. मग लोकांच्या वस्तूले हात लाव. पुण्यात मी टेम्परेचर कंट्रोलवाली आयर्न घेतली, एक साधा मीटर, तांब्याची जाळीदार पट्टी जी जुनं सोल्डर शोषते, आणि चांगला फ्लक्स. पहिल्या बोर्डवर अकरा पॅड उचकटले. चौथ्यावर एक. शिशाच्या तारेसाठी मी आयर्न साधारण ३५० अंशांवर ठेवतो आणि टाका तीन-चार सेकंदांत झाला नाही तर थांबतो. जास्त वेळ धरणं म्हणजे चुकतंय. कारखान्यातला टाका अडेल असला तर त्यावर आधी थोडं शिशाचं सोल्डर मिसळायचं, मिश्रण कमी तापमानाला वितळतं. ही काकांची युक्ती.

आतापर्यंत मित्रांचे सात लॅपटॉप खोललेत. पाच चालू झाले. एकाला मी मीटर लावून हात जोडले. आणि एक माझ्याकडून आणखी बिघडला, पण त्याचा बॅकअप घेतला होता, मालकासमोर बसून, खोलायच्या आधी.

सिहोऱ्याच्या त्या मुलाने पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरला. बहिणीकडेच. तिने पैसे घेतले नाहीत, मी द्यायचे म्हणालो तर म्हणाली, "तुझे तर अजिबात नको."

तिचा लॅपटॉप अजून चालतोय, काकांच्या जंपरवर. झाकणावर तिने प्रिंटरवर छापलेला एक कागद सेलोटेपने चिकटवलाय, ठळक अक्षरात: 'दादाला देऊ नये'. मागच्या दिवाळीत मी म्हणालो, आता मला येतं गं, जॅकचा टाका एकदा बघून देतो. तिने लॅपटॉप उचलला, आत नेला आणि कपाटाला कुलूप लावलं.

चला, भेटू पुढच्या भागात.